पिंपभर कच्च्या तेलातून नेमके काय निघते?

प्रति,
मा. संपादक,
नागपूर

सप्रेम नमस्कार.

कच्च्या तेलाचा भाव वाढला किंवा उतरला, इथेनॉलच्या मिश्रणाविषयी नवी घोषणा झाली किंवा विदर्भात तेलशुद्धीकरण कारखाना व्हावा ही जुनी मागणी पुन्हा पुढे आली, की आपल्या दैनिकात त्यावर बातम्या येतात, लेख येतात आणि वाचकांची पत्रेही येतात. ही चर्चा मी आस्थेने वाचतो. नागपुरात अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून तिच्यातली एक उणीव मला सतत जाणवते, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहू इच्छितो. कच्चे तेल म्हणजे जणू पेट्रोलचेच अशुद्ध रूप, ते कारखान्यात गाळले की पेट्रोल मिळते आणि कारखाना मोठा असला की जास्त मिळते, असे या चर्चेत न बोलता गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात एकाच पिंपातून स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोलसाठी लागणारा नाफ्था, रॉकेल, डिझेल, वंगणाचे तेल आणि डांबर हे सगळे एकाच वेळी निघते. त्यांचे परस्पर प्रमाण मुख्यतः त्या तेलाच्या घडणीनेच ठरलेले असते, आणि ते बदलायचे असेल तर ऊर्ध्वपातनाच्या (तापवून वाफ करायची आणि ती थंड करून भाग वेगळे करायचे, या रीतीच्या) पलीकडची, रेणूच बदलून टाकणारी खर्चीक प्रक्रिया करावी लागते. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर इंधनाविषयीचे आपले बरेचसे वाद निराळ्या पायावर उभे राहतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या हजारो निरनिराळ्या संयुगांचे ते मिश्रण आहे, आणि त्यात थोडे गंधक, थोडे नायट्रोजन, पाणी, क्षार आणि निकेल, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचे अंशही असतात. रेणू जितका लहान, तितका तो साधारणपणे कमी तापमानाला उकळतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणूनच घरातल्या सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात ठेवावे लागतात. पाच कार्बन अणूंचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उघड्या भांड्यात ठेवलेला पेंटेन सावलीतसुद्धा उकळू लागेल. आठ कार्बनांचा सरळ साखळीचा ऑक्टेन सुमारे १२६ अंशांना, दहा कार्बनांचा डेकेन १७४ अंशांना आणि सोळा कार्बनांचा हेक्झाडेकेन २८७ अंशांना उकळतो. त्यापुढचे रेणू इतके जड असतात की साध्या वातावरणीय दाबाखाली उकळण्याआधीच ते तापून तुटू लागतात. भागशः ऊर्ध्वपातनाचा सगळा व्यवहार उत्कलनबिंदूंच्या या चढत्या ओळीवर उभा आहे.

कारखान्यात आलेले तेल प्रथम धुतले जाते. त्यात पाणी मिसळून, तापवून आणि विजेच्या क्षेत्रातून नेऊन त्यातले क्षार काढून टाकतात, कारण ते राहिले तर पुढच्या तापमानाला त्यांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन, ज्यात तेलाचे भाग वेगळे होतात त्या उंच मनोऱ्याचा माथा आतून कुरतडला जातो. नंतर हे तेल भट्टीत जाते. पण त्याआधी मनोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या गरम उत्पादनांच्या नळ्यांशेजारून त्याला फिरवून त्या उत्पादनांची उष्णता त्याला दिली जाते. ही बाब पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत कधीच नसते, पण कारखान्याचे इंधनबिल तिच्यावर अवलंबून असते आणि अभियंत्यांची मोठी बुद्धी या उष्णतेच्या देवघेवीवर खर्च होते. भट्टीतून तेल साधारण ३५० ते ३७० अंशांना बाहेर पडते. त्याहून अधिक तापवले तर रेणू तुटतात आणि नळ्यांच्या आत कोळशाचे थर बसतात; म्हणून ही मर्यादा पाळावीच लागते.

आता मनोऱ्याविषयी थोडे थांबून लिहितो, कारण येथेच बहुतेक वाचकांची, आणि खरे सांगायचे तर बहुतेक विद्यार्थ्यांचीही, समजूत अपुरी राहते. पूर्व विदर्भातल्या गावांत मोहाची फुले आंबवून मडक्यांवर मडकी रचून दारू गाळण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. त्या रीतीत वाफ एकदा वर जाते, एकदा थंड होते आणि गोळा होते. पहिल्या धारेत मद्यार्क जास्त असतो, नंतर पाणी वाढत जाते, आणि अधिक कडक दारू हवी असेल तर गाळलेले पुन्हा गाळावे लागते. तेलशुद्धीकरणाचा मनोरा म्हणजे असे पुन्हा पुन्हा गाळणे एकाच उभ्या नळकांड्यात, न थांबता, तीस ते पन्नास वेळा घडवून आणणारी व्यवस्था आहे. मनोऱ्यात एकावर एक आडवे ट्रे असतात, प्रत्येक ट्रेवर द्रवाचा थर असतो, आणि खालून येणारी वाफ त्या द्रवातून बुडबुडे काढीत वर जाते. वाफेतले जड घटक त्या द्रवात उतरतात आणि त्यांनी सोडलेल्या उष्णतेवर द्रवातले हलके घटक वाफ होऊन वर निघतात. प्रत्येक ट्रेवर ही अदलाबदल होते, म्हणून वर जावे तसे तापमान उतरते आणि हलक्या रेणूंचे प्रमाण वाढते.

पण केवळ वाफ वर सोडून हे साधत नाही. मनोऱ्याच्या माथ्यावरून निघालेली वाफ थंड करून जो द्रव मिळतो, त्याचा बराचसा भाग पुन्हा मनोऱ्याच्या वरच्या ट्रेवर ओतला जातो. तयार झालेला माल परत आत टाकायचा, हे ऐकायला विचित्र वाटते, आणि वर्गात हा मुद्दा आला की मुले हमखास थबकतात. तरीही भाग स्वच्छ वेगळे होणे याच परतीच्या प्रवाहावर अवलंबून आहे, कारण वरून खाली उतरणारा द्रव नसेल तर वर जाणारी वाफ कशात धुतली जाणार? परतीचा प्रवाह वाढवला की भाग अधिक स्वच्छ वेगळे होतात, पण तितकी जास्त उष्णता आत घालावी लागते आणि तितकीच बाहेर काढून टाकावी लागते. शुद्धता आणि इंधनखर्च यांचा हा हिशेब ऊर्ध्वपातनाच्या प्रत्येक मनोऱ्यावर, मग तो तेलाचा असो वा मद्यार्काचा, रात्रंदिवस चालू असतो.

मनोऱ्याच्या माथ्यातून गॅस आणि नाफ्था निघतात. त्याखाली साधारण १५० ते २५० अंशांच्या टप्प्यातले रॉकेल, त्याखाली ३५० अंशांच्या आसपासपर्यंतचे डिझेल, आणि तळाशी उरते ते जड तेल. हे आकडे प्रत्येक कारखान्यात आणि प्रत्येक तेलासाठी थोडे पुढेमागे सरकतात. शेजारच्या दोन भागांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि रॉकेलचा जड टोकाकडचा थोडा भाग डिझेलमध्ये घ्यायचा की नाही, हे त्या आठवड्याच्या मागणीनुसार ठरवता येते. याच मोकळिकीमुळे रेशनवरचे रॉकेल गेल्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले तरी कारखान्यांचे अडले नाही; तो भाग डिझेलकडे आणि विमानांच्या इंधनाकडे वळवता आला. सोनेगावच्या विमानतळावर विमानांत भरले जाणारे इंधन हे मूलतः रॉकेलच्याच टप्प्यातले असते. मात्र ते अधिक काटेकोरपणे शुद्ध करावे लागते आणि उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये, अशी त्याची अट असते. परंतु ही मोकळीक सीमारेषेपुरतीच असते. सीमा दहावीस अंश इकडे किंवा तिकडे नेता येते. डांबराचे पेट्रोल मनोऱ्यात करता येत नाही.

तळाशी उरलेले जड तेल हा प्रश्नातला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अरबी आखातातल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या तेलातही तो चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात असतो आणि जड तेलांत त्याहून अधिक. त्याला आणखी तापवता येत नाही, म्हणून दुसऱ्या मनोऱ्यात दाब वातावरणीय दाबाच्या अगदी लहानशा अंशापर्यंत उतरवतात. दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, आणि एरवी ५५० अंशांना उकळले असते असे तेलही ४०० अंशांच्या आसपास वाफ होऊन निघते. यातून वंगणाच्या तेलांचा कच्चा माल आणि पुढे भंजनासाठी, म्हणजे जड रेणू तोडून हलके करण्यासाठी, जाणारे जड तेल मिळते, आणि अगदी शेवटी जे काळे, चिकट उरते त्यातून रस्त्याचे डांबर तयार होते. नागपुरात सिमेंटचे रस्ते की डांबराचे रस्ते, यावर आपण अनेक वर्षे हिरिरीने बोलत आलो. पण डांबराची उपलब्धता कारखाने कोणते तेल घेतात आणि त्याच्या तळाचे काय करतात यावर अवलंबून आहे, ही बाजू त्या चर्चेत मला क्वचितच दिसली. अलीकडे अनेक कारखाने हा तळ कोकिंगच्या भट्टीत तापवून त्यातून आणखी डिझेल मिळवतात आणि उरलेला कोळशासारखा पेटकोक सिमेंटच्या भट्ट्यांना विकतात. ज्या तळाचे डिझेल झाले त्याचे डांबर होत नाही, आणि भारताला काही प्रमाणात डांबर आयात करावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

ऊर्ध्वपातनाची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण पेट्रोलच्या दर्जाविषयीचे सगळे बोलणे तिच्याशी जोडलेले आहे. सरळ साखळीचा हेप्टेन ९८ अंशांना उकळतो आणि फाटे फुटलेल्या साखळीचा आयसो-ऑक्टेन ९९ अंशांना. मनोऱ्याच्या दृष्टीने हे दोघे जवळजवळ एकच. इंजिनाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात टोकाचे अंतर आहे: हेप्टेन इंजिनात वेळेआधी पेटून ठोके देतो, म्हणून त्याचा ऑक्टेन अंक (ठोके न देता जळण्याचे माप) शून्य धरला जातो, आणि आयसो-ऑक्टेन शांतपणे जळतो, म्हणून त्याचा अंक १००. उत्कलनबिंदूवर चालणारा मनोरा या दोघांना नीट वेगळे करू शकत नाही, आणि म्हणून मनोऱ्यातून थेट निघालेला नाफ्था आजच्या गाडीत जसाच्या तसा घालण्याजोगा नसतो. तो प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावरून नेऊन त्याच्या रेणूंची मांडणी बदलावी लागते. त्याला रिफॉर्मिंग म्हणतात. डिझेलमधले गंधक हायड्रोजनच्या साह्याने काढावे लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार ते दहा लाखांत दहा भागांहून अधिक चालत नाही. आधीच्या बीएस-४ मध्ये ही मर्यादा पन्नास होती. या साऱ्या पुढच्या प्रक्रियांचा खर्च आणि त्यांची गुंतागुंत मनोऱ्याहून कितीतरी अधिक असते, आणि एखाद्या कारखान्याचे मोल त्याच्या उंच मनोऱ्यापेक्षा या मागच्या घटकांवरच ठरते.

इतिहासाकडे एक नजर टाकली तर एकत्र निघणाऱ्या भागांचा हा पेच नवा नाही, हे दिसते. १८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे ड्रेक यांनी विहीर खणली ती दिव्यांसाठी रॉकेल मिळावे म्हणून. त्या काळी रॉकेल हाच खरा माल होता आणि त्याच्याबरोबर निघणारे पेट्रोल ही एक धोकादायक, पेट घेणारी अडगळ होती; तिची विल्हेवाट कशी लावावी, हा प्रश्न होता. आपल्याकडे आसामात दिगबोईला १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तेव्हाही दिव्याचे तेल हेच मोठे गिऱ्हाईक होते. पुढे विजेचे दिवे आले, मोटारी आल्या, आणि अडगळ होती ती मुख्य माल ठरली. पेट्रोलची मागणी मनोरा पुरवू शकेल त्याच्या पलीकडे गेली, तेव्हा जड रेणू तोडून हलके करण्याची विद्या शोधावी लागली. बर्टन यांच्या औष्णिक भंजनाचे एकस्व १९१३ चे आहे, आणि उत्प्रेरकाची भुकटी वायूच्या झोतात खेळती ठेवून भंजन करणारा पहिला मोठा संच १९४२ मध्ये अमेरिकेत बॅटन रूज येथे सुरू झाला. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली आपली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थाही १९४२ चीच आहे, हे येथे सहज आठवले म्हणून नोंदवतो.

आज भारतात हाच पेच आहे, फक्त जागा बदलल्या आहेत. डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचला, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. पण पिंपभर कच्च्या तेलात गॅसचा वाटा मुळातच थोडा असतो, आणि म्हणून लागणाऱ्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस आपण बाहेरून आणतो. त्याच वेळी आपलेच कारखाने डिझेल आणि पेट्रोल निर्यात करतात. एकाच देशाने एक इंधन विकत घ्यावे आणि दुसरे विकावे, यावर काही पत्रलेखकांनी संताप व्यक्त केलेला मी वाचला आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु संतापाला येथे जागा नाही. पिंपातून सगळे एकत्र निघते आणि आपल्या गरजांचे प्रमाण पिंपातल्या प्रमाणाशी जुळत नाही, याचा तो सरळ परिणाम आहे.

इथेनॉलविषयीही असेच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले, आणि नागपूरच्या खासदारांनी या इंधनाचा पुरस्कार सातत्याने केला असल्यामुळे आपल्या शहरात त्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. तो मलाही आहे. पण २० टक्के इथेनॉल म्हणजे कच्च्या तेलाची आयात २० टक्क्यांनी कमी, हा हिशेब मी छापील मजकुरात आणि भाषणांत इतक्या वेळा पाहिला आहे की तो खोडून काढणे आवश्यक वाटते. देशाच्या एकूण पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा साधारण एक-षष्ठांश आहे. त्याच्या २० टक्के म्हणजे एकूण खपाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, आणि एका लिटर इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे प्रत्यक्ष बचत त्याहूनही थोडी कमी. शिवाय डिझेल, विमानाचे इंधन आणि डांबर यांची गरज तशीच राहिली, तर तितके कच्चे तेल मनोऱ्यात घालावेच लागेल, आणि त्याबरोबर नाफ्थाही निघेलच. तो मग निर्यात करावा लागेल किंवा प्लास्टिक आणि रसायनांच्या कारखान्यांकडे वळवावा लागेल. इथेनॉलचे लाभ शेतकऱ्याच्या उत्पन्नात आणि परकीय चलनात मोजावेत, ते खरे आहेत. कच्च्या तेलाच्या आयातीतली घट मात्र पिंपातल्या सर्व भागांची मागणी उतरली तरच मोठी होईल.

जाता जाता, इथेनॉलच्या बाबतीतही ऊर्ध्वपातनाला भिंत लागते. पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलपर्यंत पोहोचले की त्याची वाफ आणि द्रव यांची घडण एकच होते, आणि मग कितीही ट्रे वाढवले तरी पुढे सरकता येत नाही. उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या झिओलाइटमध्ये शोषून घ्यावे लागते. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, आणि तेलशुद्धीकरणाची विद्या समजून घ्यायची असेल तर आपल्याकडची ही माणसे उत्तम शिक्षक ठरतील.

आता विदर्भातल्या कारखान्याची मागणी. समुद्रापासून दूर असल्याने येथे तो शक्यच नाही, असे म्हणणारे चुकतात. मथुरा आणि पानिपत समुद्रकिनाऱ्यावर नाहीत. बीना आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे, आणि तेथे गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वाडीनारहून नऊशे किलोमीटरहून लांब नळ टाकून कच्चे तेल आणले जाते. कोकणात नाणार आणि मग बारसू येथे ज्या प्रकल्पावरून एवढा संघर्ष झाला, त्याची मूळ योजना वर्षाला सहा कोटी टनांची होती. त्या आकाराचा विचार येथे कोणी करीत नसावे. प्रश्न शक्यतेचा नाही, प्रश्न आपण काय मागतो आहोत याचा आहे. मागणी करणाऱ्या बहुतेकांच्या मनात खापरी-बोरखेडीच्या डेपोंपर्यंत दुरून येणारे पेट्रोल आणि डिझेल जवळच तयार व्हावे आणि स्वस्त व्हावे, एवढेच असते. पण पंपावरच्या भावात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर यांचा वाटा मोठा, वाहतुकीचा लहान. कारखाना जवळ आला म्हणून भाव फारसा हलणार नाही. खरा लाभ असेल तर तो नाफ्थापासून आणि भंजनातून निघणाऱ्या वायूंपासून प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग आणि औषधांचा कच्चा माल तयार करणाऱ्या पुढच्या उद्योगांत आहे.

म्हणून विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी आणि उद्योजकांनी ही मागणी मांडताना चार गोष्टी स्पष्ट विचारायला हव्यात असे मला वाटते. तेल कोणते येणार, हलके की जड, गंधकाचे किती? बॉम्बे हायचे तेल हलके, कमी गंधकाचे आणि मेणयुक्त आहे, तर आखातातली अनेक तेले गंधकयुक्त आहेत. एकासाठी बांधलेला कारखाना दुसऱ्यावर सुखाने चालत नाही. तळाच्या जड तेलाचे काय करणार, डांबर की कोक, आणि त्यातून निघणारे गंधक कोठे जाणार? नाफ्था येथेच वापरणार की रेल्वेच्या टाक्यांतून पुन्हा बाहेर पाठवणार? आणि थंड कशाने करणार? हा शेवटचा प्रश्न नागपूरकरांनी सर्वांत आधी विचारावा. मनोऱ्यात जेवढी उष्णता घालतो त्यातली बरीचशी शेवटी हवेला किंवा पाण्याला द्यावी लागते. मे महिन्यात येथली हवा ४५ अंशांवर असते, त्यामुळे हवेने थंड करणारी यंत्रे नेमकी त्या दिवसांत अपुरी पडतात आणि पाण्यावरचा भार वाढतो. आणि त्याच दिवसांत पेंच आणि कन्हान यांच्या पाण्याकडे सारे शहर डोळे लावून बसलेले असते. हे प्रश्न विचारणे म्हणजे प्रकल्पाला विरोध नाही. ते न विचारता पाठिंबा देणे मात्र मला धोक्याचे वाटते, कारण एकदा मनोरा उभा राहिला की तो निदान तीस-चाळीस वर्षे तेथेच असतो.

भेसळीविषयी थोडक्यात लिहितो. रॉकेल हा पेट्रोल आणि डिझेल यांच्यामधला भाग असल्याने तो दोन्हींत सहज मिसळतो, रंगवासावरून नेहमी ओळखू येत नाही आणि गाडीला हळूहळू इजा करतो. प्रयोगशाळेत नमुना ठरावीक रीतीने ऊर्ध्वपातित करून किती तापमानाला किती टक्के निघाले हे पाहिले, की भेसळ उघडी पडते, कारण पेट्रोलची वाफ २१० अंशांपर्यंत संपली पाहिजे आणि रॉकेलची शेपटी त्यापुढे जाते. सामान्य ग्राहकाला हे शक्य नाही, पण पंपावर घनता मोजून दाखवण्याची आणि गाळण कागदावर थेंब टाकून पाहण्याची मागणी तो करू शकतो. घनता मोजताना ती १५ अंश तापमानाच्या हिशेबात बदलून पाहायची असते. आपल्या उन्हाळ्यात हा फरक लक्षणीय असतो आणि तो विसरला तर चांगल्या इंधनावरही संशय येतो.

संपादक महोदय, आपल्याकडून एक अपेक्षा आहे. कच्च्या तेलाच्या भावाची बातमी छापताना त्यासोबत एका पिंपातून, म्हणजे सुमारे १५९ लिटर तेलातून, साधारण काय काय निघते याची लहानशी चौकट अधूनमधून द्यावी. दुसरी विनंती आपल्या माध्यमातून रमण विज्ञान केंद्राला आणि लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेला आहे. शाळांच्या पुस्तकातली आकृती एक उभे नळकांडे आणि त्याला बाजूने फुटलेल्या पाच-सहा नळ्या एवढेच दाखवते. तीत ट्रेवरचे बुडबुडे नसतात, परत सोडलेला द्रव नसतो, निर्वात मनोराही नसतो. या दोन संस्थांनी मिळून काचेचा, चालू स्थितीतला एक लहान मनोरा केंद्रात मांडावा. त्यात खनिज तेल घालण्याची गरज नाही. ते धोक्याचे होईल. पाणी आणि थोडा मद्यार्क यांचे सौम्य मिश्रण विजेच्या तापकावर चालवले तरी पुरे. प्रत्येक ट्रेजवळ तापमापक असावा, आणि माथ्यावरून परत सोडायचा द्रव कमी-अधिक करणारी तोटी आठवी-नववीच्या मुलांना स्वतः फिरवता यावी, म्हणजे ती बंद केली की माथ्याचे तापमान कसे चढू लागते, हे त्यांना डोळ्यांनी पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
धरमपेठ, नागपूर